बांधलेल्या माकडाचे वर्तन

वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेल्या, आणि १९३६ साली बर्लिन येथे ऑलिम्पिकच्या प्रसंगी देशी व्यायामाची प्रात्यक्षिके करून आलेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात एखादा नवा मुलगा मल्लखांबापाशी प्रथम उभा राहतो, तेव्हा उस्ताद त्याला जे शिकवतात ते वरवर पाहता पकड, अढी, तेढी आणि फरारे यांचे शिक्षण असते. परंतु थोडे बारकाईने पाहिले तर असे आढळून येईल की त्या मुलाचा खरा गुरू उस्ताद नसून त्याचे स्वतःचे वजन असते. एरंडेल चोळलेल्या त्या सागवानी खांबावर मांडीची पकड तसूभर सैल झाली की वजन तत्क्षणी ती चूक पदरात घालते, आणि मुलाला बुद्धीने काही कळण्यापूर्वीच त्याचा खांदा, कंबर आणि पायाचा अंगठा मिळून तिचे परिमार्जन करून मोकळे होतात. उस्तादाची दुरुस्ती शब्दांतून येते, म्हणून ती नेहमीच एका क्षणाने उशिरा येते. वजनाला तो उशीर ठाऊक नाही. मल्लखांबाची विद्या बाळंभटदादा देवधरांना सप्तशृंगीच्या सान्निध्यात वानररूपी मारुतीकडून लाभली अशी जी परंपरागत आख्यायिका आहे, तिला इतिहासाच्या कसोटीवर घासण्याचे प्रयोजन नाही. मात्र ज्या समाजाने ती जपली, त्याने वजनाशी व्यवहार कसा करावा हे मनुष्यापेक्षा वानराला अधिक उमगले आहे असे शतकानुशतके डोळ्यांनी पाहिले होते, एवढे त्या आख्यायिकेवरून निःसंशय सिद्ध होते.

आता ज्या प्राण्याचे सारे कौशल्य वजनाशी असलेल्या या अखंड व्यवहारातून उत्पन्न झाले, त्यालाच जिथे वजन उरत नाही अशा ठिकाणी नेऊन ठेवले, तर त्याच्या हालचालींचे आणि वर्तनाचे काय होते? हा प्रश्न विज्ञानाने केवळ मनात आणून सोडून दिला नाही. १९४८ पासून १९९७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धे शतक, माकडांना अग्निबाणांत आणि उपग्रहांत बसवून त्याचे उत्तर मागितले गेले. ती उत्तरे मी माझ्या मगदुराप्रमाणे अभ्यासली आहेत, आणि त्यावरून माझे जे मत बनले ते आरंभीच स्पष्ट करतो. कान, डोळा आणि स्नायू यांच्याविषयी या प्रयोगांनी जे सांगितले ते मोलाचे आणि विश्वसनीय आहे. वर्तनाविषयी मात्र त्यांनी फारच थोडे सांगितले, कारण ज्याचे वर्तन पाहावयाचे होते त्याला त्यांनी आधी आसनाला बांधून टाकले. आणि जे मोलाचे होते ते आता स्वेच्छेने अंतराळात जाणाऱ्या मनुष्यांकडून मिळू शकते. सबब यापुढे माकडाला तिकडे पाठवण्याचे समर्थन करता येईल असे मला वाटत नाही.

या विषयाशी वऱ्हाडचा आणि एकंदर भारताचा संबंध काय, अशी शंका वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमच्याकडे मोर्शी-वरूडच्या संत्र्याच्या बागांतून, हरभऱ्याच्या शेतांतून आणि गावच्या मारुतीच्या पारावरून वावरतो तो काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा वानर. जगभरच्या प्रयोगशाळांनी जो पसंत केला तो लाल तोंडाचा, आखूड शेपटीचा माकड, ज्याला शास्त्रज्ञ रीसस म्हणतात. आणि मेळघाटच्या उत्तरेने वाहणारी तापी ही त्याच्या मूळ वस्तीची पश्चिमेकडची जुनी दक्षिण मर्यादा समजली जाते. म्हणजे आपण त्याच्या इलाख्याच्या वेशीवर राहतो. १९५० नंतरच्या दशकात पोलिओची लस तयार करण्यासाठी आणि इतर संशोधनासाठी उत्तर भारतातून दरसाल लाखाहून अधिक रीसस परदेशी रवाना होत. १९५५ च्या आरंभी लंडनच्या विमानतळावर सुमारे चारशे माकडे गुदमरून मेली तेव्हा भारत सरकारने काही काळ निर्यात तहकूब केली, आणि ही माकडे केवळ वैद्यकीय संशोधनासाठी व लसनिर्मितीसाठीच वापरली जातील अशी हमी घेऊन ती पुन्हा चालू केली. पुढे अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळांत माकडांवर किरणोत्सर्गाचे प्रयोग होत असल्याचे उघड झाले, करारातील शर्त मोडल्याची तक्रार झाली, आणि मोरारजी देसाई यांच्या सरकारने १ एप्रिल १९७८ पासून निर्यातीवर संपूर्ण बंदी घातली. त्या निर्णयाला मी केवळ धार्मिक भावनेचा निर्णय मानत नाही. आपण दिलेल्या जिवाचा विनियोग कशासाठी होतो हे विचारण्याचा देणाऱ्याला हक्क आहे, या तत्त्वाचा तो दाखला होता. जो देश इतकी वर्षे माकडे पुरवीत आला, त्याने त्या माकडांचे पुढे काय झाले याविषयी अज्ञानी राहावे हे शोभण्यासारखे नाही.

आरंभीच्या उड्डाणांचा तपशील थोडक्यात सांगून पुढे जाण्यासारखा आहे, कारण त्यांत शोकांतिका पुष्कळ आणि ज्ञान थोडे. जून १९४८ मध्ये व्ही-२ अग्निबाणात बसवलेला अल्बर्ट नावाचा रीसस गुदमरून मेला. त्याच्या मागून १४ जून १९४९ रोजी गेलेला दुसरा अल्बर्ट १३४ किलोमीटर उंची गाठून परतत असता हवाई छत्री न उघडल्यामुळे जमिनीवर आपटून मेला. २८ मे १९५९ रोजी एबल नावाची रीसस आणि बेकर नावाची चिमुकली दक्षिण अमेरिकी माकडीण ज्युपिटर अग्निबाणातून गेल्या आणि जिवंत परतल्या. त्यांना सुमारे नऊ मिनिटे वजनहीन अवस्था लाभली, परतीच्या वाटेवर वजनाच्या अडतीस पट दाब सोसावा लागला, आणि चारच दिवसांनी एबल तिच्या अंगातला विद्युदग्र काढण्याच्या शस्त्रक्रियेत भुलीच्या औषधाने दगावली. ही एबल भारतात जन्मलेली नव्हती; तिचा जन्म कॅन्ससमधील एका प्राणिसंग्रहालयातला.

वर्तनाचा प्रश्न याच सुमारास प्रथम हाताळला गेला. दिवा लागला की कळ दाबायची, दाबली नाही तर पायाला विजेचा हलका झटका बसायचा, अशी शिकवण देऊन २१ जानेवारी १९६० रोजी मिस सॅम नावाच्या रीससला एका छोट्या उड्डाणावर धाडण्यात आले. सुटकेचे रॉकेट पेटताच त्या धक्क्याने ती सुमारे अर्धा मिनिट सुन्न झाली, कळीकडे तिचे लक्ष राहिले नाही, आणि मग ती पुन्हा दिव्याबरहुकूम कळ दाबू लागली. पुढल्या वर्षी ३१ जानेवारीला हॅम हा चिंपांझी गेला. वजनहीन अवस्थेच्या साडेसहा मिनिटांत त्याने आपले काम चांगले पार पाडले, फक्त त्याचा प्रतिसाद जमिनीवरच्यापेक्षा किंचित मंद होता. नोव्हेंबरात पृथ्वीभोवती दोन प्रदक्षिणा करून आलेल्या इनोस या चिंपांझीच्या यंत्रात बिघाड झाला, बरोबर कळ दाबूनही त्याला झटके बसत राहिले, आणि तरीही तो शिकवल्याप्रमाणेच कळा दाबत राहिला. या शेवटच्या प्रसंगाची वर्णने यशाची कहाणी म्हणून लिहिली गेली आहेत. मला ती वाचताना अस्वस्थ वाटते. ज्याला सुटण्याचा मार्ग नाही तो शिकवलेले करीत राहतो, एवढीच गोष्ट त्यातून सिद्ध झाली. वजनाच्या अभावाचा त्या सिद्धतेशी संबंध अल्प होता.

खरे विज्ञान नंतर आले, आणि त्याचे मोल मी मुळीच कमी लेखत नाही. सोव्हिएत संघाने, आणि त्याच्या विघटनानंतर रशियाने, डिसेंबर १९८३ पासून बियोन मालिकेतील उपग्रहांतून दोन-दोन रीसस पाठवले. पहिले उड्डाण पाच दिवसांचे, नंतरची सात ते चौदा दिवसांपर्यंतची, आणि शेवटचे ७ जानेवारी १९९७ रोजी उतरले. सुखुमीच्या माकडशाळेतून आणि पुढे आडलेरहून आलेल्या या बारा प्राण्यांची नावे रशियन वर्णमालेच्या क्रमाने ठेवलेली होती: अब्रेक, बियोन, व्हेर्नी, गोर्दी, आणि असे करीत करीत शेवटी लापिक आणि मुल्तिक. अमेरिकेने १९८५ च्या अंतराळ प्रयोगशाळेत दोन माकडे नेली तेव्हा त्यांना नावे न देता केवळ क्रमांक दिले होते. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी निदान नाव तरी दिले, आणि माझ्या मते ते अधिक प्रामाणिक वर्तन होय.

बियोनच्या प्रयोगांचे मर्म कळण्यासाठी कानाच्या आत डोकवावे लागते. आपल्या आणि माकडाच्याही कानात, ऐकण्याच्या शंखाशेजारी, दोन चिमुकल्या पिशव्या असतात. त्यांतील मऊ पडद्यावर चुन्याच्या स्फटिकांचा थर असतो. डोके एका बाजूस कलले की वजनामुळे तो थर सरकतो, त्याखालचे सूक्ष्म रोम वाकतात आणि खाली कोणती बाजू ते मेंदूला कळते. याच पिशव्यांशेजारी तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोके किती वेगाने फिरले याची खबर देतात आणि त्यांना वजनाची गरज नसते. पृथ्वीवर ही दोन्ही साक्षीदारांची जबानी जुळते. अंतराळात नलिका सांगतात की डोके वळले, आणि पिशव्या मात्र कोणत्याही कलाची साक्ष देत नाहीत. जन्मापासून ज्या जुळणीवर मेंदूने विश्वास ठेवला ती अशी एकाएकी तुटते, आणि चढाओढीत कोणाचे खरे मानावे असा पेच मेंदूपुढे उभा राहतो.

मॉस्कोच्या वैद्यक-जैविक समस्या संस्थेतील इनेसा कोझलोव्हस्काया आणि त्यांचे सहकारी यांनी हा पेच माकडाच्या डोळ्यांतून वाचला. माकडासमोर बाजूला एक दिवा लागे. नजर व डोके वळवून त्याकडे पाहिले, योग्य खूण ओळखली की घोटभर रस मिळे. उड्डाणाच्या पहिल्या दिवसांत असे दिसून आले की नजर लक्ष्यावर नेमकी ठरत नाही, डोके मंद गतीने आणि कमी वळते, उरलेले काम डोळे उरकतात, आणि मेंदूतील ज्या पेशींना कानाची खबर पोहोचते त्यांचा प्रतिसाद वाढलेला असतो. काही दिवसांनी हा विस्कोट ओसरू लागतो. मला यातील महत्त्वाची गोष्ट ही वाटते की माकडाने डोके शक्य तो कमी हलवण्याचा मार्ग स्वतःहून शोधला, आणि अंतराळात प्रथमच गेलेला मनुष्यही मळमळ टाळण्यासाठी हेच करतो. परत आल्यावरची कथा आणखी बोलकी आहे. डोके खांद्याकडे कलवले असता डोळ्यांची बुबुळे उलट दिशेला किंचित फिरतात. ही प्रतिक्रिया इतकी सूक्ष्म आहे की आपल्याला तिचा पत्ताही नसतो. डिसेंबर १९९२ अखेर निघून बारा दिवसांनी उतरलेल्या इवाशा आणि क्रोश या दोन माकडांत ती ७० टक्क्यांनी घटलेली आढळली, आणि उतरल्यानंतर अकरा दिवस तपासूनही ती पूर्वपदावर आलेली नव्हती. न्यूयॉर्कचे बर्नार्ड कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले हे निरीक्षण मला या संपूर्ण मालिकेतील सर्वोत्तम वाटते, कारण त्यावरून कळते की बारा दिवसांत मेंदूने वजनाला आपल्या हिशेबातून वगळून टाकले होते.

स्नायूंचा दाखला याच्याशी जुळतो. पोटरीच्या आत सोलियस नावाचा एक संथ, न थकणारा स्नायू आहे. आपण नुसते उभे असतो तेव्हाही तो अविरत राबत असतो, आणि त्याच्या वरच्या अंगाचा दुसरा स्नायू धावण्याउडण्यासाठी राखून ठेवलेला असतो. लॉस एंजेलिसच्या रेगी एजर्टन यांच्या गटाने माकडांच्या या स्नायूंत तारा बसवून मोजमाप केले, तेव्हा वजनहीन अवस्थेत सोलियसचे काम घटून त्याची काही वाटणी जलद स्नायूकडे गेल्याचे दिसले. उभे राहण्याचा व्यवसायच बंद पडला, म्हणून त्याचा जुना कामगार निवृत्त झाला. मल्लखांबावरून उतरून महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या पहिलवानाची पोटरी पाहिली की हीच गोष्ट आपल्याला घरबसल्या समजते; अंतराळाने तिची गती आणि तिचा खोलवर पोहोचलेला परिणाम मात्र दाखवून दिला.

इथवर आलेले सारे ज्ञान प्रतिक्षेपांचे, म्हणजे ज्या क्रिया इच्छेची वाट पाहत नाहीत त्यांचे आहे. वर्तन म्हणजे प्रतिक्षेप नव्हे. काय करावे, कुठे जावे, कोणाजवळ बसावे, कशाला भ्यावे आणि कशाने हरखावे यांतून वर्तन घडते, आणि त्यासाठी प्राण्याला निदान हातपाय हलवण्याची मुभा असावी लागते. बियोनमधील माकडे आसनाला पट्ट्यांनी जखडलेली होती. नळीतून खाणे, नळीतून पिणे, समोर दिवा आणि कळ. याचे कारण क्रूरता नव्हते हे मी न्यायाने नमूद करतो. अंगात तारा असलेले माकड मोकळे सोडले तर ते त्या उपटून काढील, हे उघड आहे. पण ज्या कारणाने बांधले त्याच कारणाने वर्तनाचा अभ्यास अशक्य झाला, ही गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही. जमिनीवर तशाच आसनात तितकेच दिवस बसवलेल्या माकडांशी तुलना करण्याची खबरदारी संशोधकांनी घेतली होती, आणि त्या जमिनीवरच्या माकडांच्या स्नायूंतही काही प्रमाणात बदल आढळले. म्हणजे वजनाच्या अभावाचा परिणाम आणि बंधनाचा परिणाम यांची सरमिसळ खुद्द त्यांच्याच दप्तरात नोंदलेली आहे.

या दृष्टीने बोनीची कहाणी सर्वांत दुःखद आहे. जून १९६९ अखेर अमेरिकेने एका सहा किलो वजनाच्या माकडाला तीस दिवसांसाठी एकट्याने कक्षेत पाठवले. मेंदूत विद्युदग्र, शरीरात नळ्या, आणि दिव्याकळीचे नित्याचे पाठ. दिवसेंदिवस त्याने काम करणे कमी केले, शरीराचे तापमान उतरत गेले, आणि नवव्या दिवशी घाईने परत आणल्यावर काही तासांत त्याचा प्राण गेला. पाठ बिघडला तो वजन नसल्यामुळे की माकड मरत होते म्हणून, हे त्या नोंदीतून कोणीही खात्रीने सांगू शकत नाही.

आणि या अर्ध्या शतकाच्या इतिहासात वर्तन म्हणण्याजोगे जे एकच वर्तन मला सापडते, ते नियोजनाबाहेरचे आहे. सप्टेंबर १९८७ मध्ये निघालेल्या उड्डाणात येरोशा नावाच्या रीससने आपला डावा पंजा पट्ट्यातून सोडवून घेतला आणि मोकळ्या हाताने तो आजूबाजूच्या यंत्रसामग्रीशी चाळा करू लागला. वजन नसलेल्या जागी, कोणी न शिकवता, बक्षिसाची आशा नसताना, एका माकडाने हात लांब करून आपल्या भोवतालची वस्तू चाचपून पाहिली. जमिनीवरच्या मंडळींची त्यामुळे तारांबळ उडाली, आणि उपकरणे बिघडू नयेत ही त्यांची चिंता रास्तही होती. परंतु वजनहीनतेत माकड काय करते या मूळ प्रश्नाचे तेच सर्वांत थेट उत्तर होते, आणि ते ज्या हाताने दिले तो हात प्रयोगाच्या योजनेप्रमाणे बांधलेला असायला हवा होता.

याउलट, बांधलेला नसलेला प्राणी पाहायचा तर अकोला जिल्ह्यातील नरनाळ्याचा गड फार दूर नाही. शहानूरच्या बाजूने चढून गेल्यावर महाकाळी दरवाज्याच्या आसपास वानरांची टोळी बहुधा आढळते. तिथे एखादे वर्षभराचे पिलू पाहावे. आईने नुकतीच ज्या फांदीवरून उडी घेतली त्याच फांदीच्या टोकाशी ते येते, खाली पाहते, मग पलीकडच्या फांदीकडे पाहते, मागे सरकते, पुन्हा पुढे येते. त्याच्या पायाखालची फांदी त्याच्या वजनाने वाकलेली असते, आणि जितके पुढे जावे तितकी ती अधिक वाकते. म्हणजे उडी मारायची जागा प्रत्येक पावलाबरोबर बदलत असते. आईला हे गणित सुटलेले असते, कारण फांदी वाकून परत उसळण्याच्या क्षणी ती मागच्या पायांनी जमीन सोडल्यासारखी फांदी सोडते आणि उसळीचा फायदा घेते. पिलाने घाई केली तर ते पलीकडच्या फांदीला केवळ एका हाताने लोंबकळते आणि कर्कश ओरडते. वीस-पंचवीस प्रयत्नांत सुधारणा दिसते. आणि त्या सुधारणेत भीती, आईचे लांबून पाहणे, बरोबरीच्या पिलाने आधी घेतलेली उडी, पानांचा लोभ, हे सारे मिसळलेले असते. चलनवलनाचे कौशल्य यालाच म्हणावे. एका डोळ्यापुढे एक दिवा लावून त्याचा असा अर्क काढता येत नाही.

माझ्या म्हणण्याला जे सर्वांत सबळ उत्तर दिले जाईल ते मी टाळू इच्छित नाही. कोणी म्हणेल, प्राण्यांवर प्रयोग केल्याशिवाय पोलिओ गेला असता का? गेला नसता, असे मी कबूल करतो. २०२० साली कोव्हॅक्सिनची परीक्षा घेण्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला वीस रीसस हवे होते. टाळेबंदीच्या दिवसांत माकडे गावे सोडून रानात पांगली होती, वनखात्याने त्यांचा माग काढला आणि ती आमच्याच विदर्भातील नागपूरच्या परिसरात सापडली, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक बलराम भार्गव यांनी आपल्या पुस्तकात नमूद केले आहे. त्या वीस माकडांविषयी मला कृतज्ञता वाटते, आणि ती वेळ पुन्हा आली तर मी हरकत घेणार नाही. परंतु रोग कोणी मागून घेत नाही; तो लहान मुलाला, गरोदर बाईला, मजुराला निवड न करता गाठतो, आणि अनोळखी विषाणूची मात्रा प्रथम मनुष्याला देणे हे कोणत्याही न्यायाने बसत नाही. अंतराळप्रवासाची जात वेगळी आहे. तो स्वेच्छेचा आहे. तिथे जाणारा इसम आपली जोखीम जाणून, सही करून, वर्षानुवर्षे तयारी करून जातो, आणि न जाण्याने कोणाचे मूल पांगळे होत नाही.

१९६१ पूर्वीच्या उड्डाणांना मी याच मापाने मोजत नाही, हेही सांगितले पाहिजे. वजनहीन अवस्थेत हृदय चालेल की बंद पडेल, घशाखाली घास उतरेल की नाही, हे खरोखरच कोणास ठाऊक नव्हते, आणि प्रथम कोणाला तरी जाणे भाग होते. अल्बर्टांच्या छत्र्या न उघडल्या याबद्दलची बेपर्वाई अक्षम्य आहे; उद्देश अक्षम्य नाही. परंतु १९७४ च्या फेब्रुवारीत तिघे अमेरिकी अंतराळवीर चौऱ्यांशी दिवस राहून सुखरूप परतल्यावर प्रश्नाचे स्वरूप बदलले. त्यानंतरही बियोनच्या बाजूने एक युक्तिवाद उरतो आणि तो हलका नाही: मेंदूच्या आतील पेशीत सुई घालून तिचा प्रतिसाद मोजणे मनुष्यात शक्य नव्हते. ते खरे आहे, आणि म्हणूनच त्या निष्कर्षांना मी मोलाचे म्हटले. परंतु ते हाती आले आहेत. अंतराळवीरांच्या पोटऱ्या राखण्याचा आणि उतरल्यावर त्यांना पुन्हा चालते करण्याचा उपाय जो सापडला तो मुख्यतः कक्षेतील रोजच्या व्यायामातून आणि माणसांच्या निरीक्षणातून सापडला. मेंदूतील सुईने त्यात भर घातली, पाया घातला नाही, असे माझे मत आहे. आणि मुल्तिक हा बियोन मालिकेतील अखेरचा माकड उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी, स्नायूचा नमुना काढण्यासाठी दिलेल्या भुलीतून पुन्हा उठला नाही, तेव्हा अमेरिकेने चौकशी करून एप्रिल १९९७ मध्ये या मालिकेतून अंग काढून घेतले. अंतराळातून नुकत्याच आलेल्या शरीराला भूल देणे धोक्याचे असते हे ज्ञान त्याच्या मृत्यूने मिळाले. पण त्या प्रसंगी ते माकडाला पाठवल्यामुळेच मिळवावे लागले.

मनुष्याच्या साक्षीत जे आहे ते माकडाच्या साक्षीत येऊ शकत नाही, कारण मनुष्य सांगू शकतो. राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये सल्यूत-७ वर होते तेव्हा अंगाला पट्टे बांधून योगासने करीत, आणि शरीराला काय जाणवले ते परतल्यावर आपल्या शब्दांत सांगत. शुभांशू शुक्ला जुलै २०२५ मध्ये अंतराळस्थानकावरून परतले. पहिल्या दिवसांत त्यांना चालताना आधार लागला. त्यांनी स्वतःच सांगितलेली एक हकीकत अशी की परतल्यावर त्यांनी मांडीवरचा लॅपटॉप काम झाल्यावर सहज पलंगाच्या कडेने हवेत सोडून दिला, तो तरंगत राहील या समजुतीने, आणि तो जमिनीवर पडला. एका वाक्यात त्यांनी दाखवून दिले की विसराळूपणा स्नायूंत नव्हता. वस्तूंविषयीची अपेक्षाच बदलून गेली होती. वर्तनाचा खरा पुरावा हा, आणि तो मिळवण्यासाठी कोणाला बांधावे लागले नाही. अमरावतीच्या आखाड्यात वाढलेला एखादा मल्लखांबपटू उद्या अंतराळात गेला, तर अढीची पकड किती सैल झाली, फरारा घेताना शरीराने कोणत्या आधाराची चुकून वाट पाहिली, हे तो सांगू शकेल. आणि त्या साक्षीला विज्ञानात जे स्थान मिळेल ते बारा बांधलेल्या माकडांच्या आलेखांना मिळालेले नाही.

आपल्या देशाने गगनयानाच्या बाबतीत हाच मार्ग धरला, याचा मला मनापासून आनंद वाटतो. मनुष्यापूर्वी प्राणी न पाठवता व्योममित्रा नावाचे अर्धमानवी यंत्र पाठवण्याचे ठरले, आणि २०२० च्या जानेवारीत ते बंगळूरला लोकांपुढे मांडले गेले. हवेचा दाब, तापमान, धक्के, कळा दाबणे, सूचना ओळखणे, ही दिव्याकळीची सारी परीक्षा यंत्र देऊ शकते. आणि जे यंत्र देऊ शकत नाही ते माकडाने दिले तरी वाचणारा कोणी नाही. तथापि हा निर्णय एका मोहिमेपुरता राहू नये. चिनी शास्त्रज्ञांनी २०२२ साली आपल्या अंतराळस्थानकावर माकडे नेऊन त्यांची वाढ आणि पुनरुत्पादन अभ्यासण्याचा विचार बोलून दाखवला आहे. उद्या अशा एखाद्या आंतरराष्ट्रीय योजनेत भागीदारीसाठी भारताला निमंत्रण आले, तर आज आपल्यापाशी नाही म्हणण्याचा नैतिक आधार आहे, लेखी आधार मात्र पुरेसा नाही. १९७८ ची बंदी निर्यातीविषयी होती. येथील प्रयोगशाळेतून येथीलच यानात माकड ठेवण्याविषयी ती बोलत नाही. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, प्राण्यांवरील प्रयोगांचे नियमन करणाऱ्या समितीच्या संमतीने, सजग आणि वेदनाक्षम अशा कोणत्याही वानरवर्गीय प्राण्याला अंतराळात नेले जाणार नाही, आणि परदेशी मोहिमेत त्यासाठी निधी, यंत्र अथवा संशोधक दिले जाणार नाहीत, असा ठराव करून तो प्रसिद्ध करावा, आणि गगनयानाच्या पहिल्या मानवी उड्डाणापूर्वी तो अमलात यावा, अशी माझी मागणी आहे.